बारा हजारांनी हुकलेला वकील

*ताई, नमस्कार. मी चाकणला एका कंपनीत मशीन ऑपरेटर आहे, कंत्राटावर. लग्नाला सहा वर्षं झाली, मुलगी साडेचार वर्षांची. सात महिन्यांपूर्वी बायको मुलीला घेऊन बार्शीला माहेरी गेली ती परत आली नाही. भांडणं व्हायची, एक-दोनदा हात लागला असेल, पण कुणाच्या घरात होत नाही? आता तिनं तिकडच्या कोर्टात कौटुंबिक हिंसाचाराची केस टाकलीय. तिला सरकारी वकील फुकट मिळाला. ती दवाखान्यात कामाला आहे, महिना १८ हजार कमावते, तरी फुकट. मी चौकशीला गेलो तर म्हणाले, मर्यादा तीन लाखांची आहे. माझा पगार २६ हजार, वर्षाचे ३ लाख १२ हजार होतात. बारा हजारांनी हुकलं.*

*खासगी वकील दीड लाख सांगतात, निम्मे आधी. ते म्हणाले, मुलीच्या ताब्याची केस इकडंच राजगुरुनगरला टाकू, म्हणजे बायको वठणीवर येईल. भाऊ म्हणतो, गावठाणातली दोन गुंठे जागा विकू. रूमवरचा मित्र म्हणतो, कशाला कोर्ट, शाळेतून सरळ उचलून आण. मुलीशी फोनवर बोलू देत नाहीत म्हणून मीही पैसे पाठवणं बंद केलंय. जूनमध्ये तिच्यासाठी दप्तर घेतलं होतं, ते अजून दुकानाच्या पिशवीतच आहे. पुढची तारीख याच महिन्यात आहे. कायदा काय फक्त बायकांसाठीच आहे का?*

*— एक बाप, चाकण*

भाऊ,

आधी त्या बारा हजारांचं बघू, कारण तारीख जवळ आली आहे आणि बाकीचं सगळं त्यावर अडलंय. तुम्ही हुकलेला नाहीत. तुम्हाला ज्यांनी परत पाठवलं त्यांनी यादीतली शेवटची ओळ वाचून दाखवली, वरच्या ओळी वाचल्याच नाहीत.

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळेल याची यादी आहे. अनुसूचित जाती-जमातीतली माणसं, वेठबिगारीत किंवा माणसांच्या खरेदी-विक्रीत सापडलेले, स्त्रिया आणि मुलं, अपंग, पूर-दुष्काळ-भूकंपासारख्या आपत्तीत होरपळलेले, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेले. आणि सगळ्यांत शेवटी, यांपैकी कशातच न बसणारे पण कमी उत्पन्नाचे. तीन लाखांची मर्यादा आपल्या राज्यात आहे ती या शेवटच्या गटापुरती. वरच्या गटांतल्या माणसाला पगार किती हे विचारायचं कारणच नसतं.

आता यादी परत वाचा. औद्योगिक कामगार. तुम्ही चाकणच्या कारखान्यात मशीनवर उभे राहता. कंत्राटदाराच्या मस्टरवर नाव असलं म्हणून माणूस कामगाराचा साहेब होत नाही. सुपरवायझर किंवा मॅनेजर असता तर वाद घालता आला असता. ऑपरेटरच्या बाबतीत मला तरी तो दिसत नाही. तेव्हा पगारपत्रक, कंपनीचं किंवा कंत्राटदाराचं ओळखपत्र आणि पीएफचा उतारा यांच्या झेरॉक्स काढा आणि अर्जात स्वतःच्या हातानं लिहा: ‘मी कलम १२ (एफ) खाली औद्योगिक कामगार म्हणून पात्र आहे.’ एवढं एक वाक्य. टेबलामागच्या माणसाला रोज उत्पन्नाचे दाखले बघायची सवय असते, हे कलम घेऊन येणारा त्याच्यासमोर वर्षातून एखादा येत असेल. तो नाहीच म्हणाला तर वाद घालू नका. अर्ज द्या, पोच घ्या आणि प्राधिकरणाच्या सचिवांना भेटायचंय म्हणून सांगा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव हे न्यायाधीश असतात, कलम वाचायला त्यांना दोन मिनिटं लागतील. आणि तुम्ही अनुसूचित जाती-जमातीतले असाल तर जातीचा दाखला जोडा, मग कामगार की नाही हा प्रश्नही उरत नाही. पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही आणि मी विचारतही नाही.

अर्ज कुठं करायचा? केस बार्शीला चालू आहे, म्हणून बार्शीच्या तालुका विधी सेवा समितीकडे, नाहीतर सोलापूरच्या जिल्हा प्राधिकरणाकडे. दोन्ही कोर्टाच्या आवारातच असतात. सुट्टी मिळत नसेल तर राष्ट्रीय प्राधिकरणाच्या, म्हणजे नाल्साच्या संकेतस्थळावरून मोबाईलवरही अर्ज भरता येतो आणि १५१०० या हेल्पलाइनवर विचारता येतं. प्रकरणात काही तथ्य आहे का एवढं प्राधिकरण बघतं. तुमच्याविरुद्ध केस लागलेली आहे आणि पोटची मुलगी सात महिने दिसलेली नाही, एवढं तथ्य पुरे.

मंजूर झालं की पॅनेलवरचे, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतले वकील मिळतात. त्यांची फी प्राधिकरण देतं. कोर्ट फी, समन्सचा खर्च, टायपिंग, नकला हेही त्यात येतं. वकिलांनी ‘चहापाण्याला’ म्हणून जरी मागितले तरी द्यायचे नाहीत आणि सचिवांना लेखी कळवायचं. आता खरं सांगायचं तर पॅनेलवरच्या वकिलांना मिळणारं मानधन तुटपुंजं असतं आणि काहीजण कामही त्या मापानंच करतात. मी काही वर्षं कोर्टात समुपदेशनाचं काम केलं आहे. त्या आवारात पॅनेलवरची एक तरुण वकीलबाई पाहिली जी पक्षकाराच्या मुलाचा शाळेचा डबा किती वाजता होतो तेही विचारून लिहून ठेवायची, आणि एक गृहस्थ पाहिले ज्यांना पुकारा होईपर्यंत आपला पक्षकार कोण हे माहीत नसायचं. दुसऱ्या प्रकारचे वाट्याला आले तर वकील बदलून मागता येतो. पण चांगले-वाईट तर दीड लाखवाल्यांतही असतात, आणि तिथं निम्मे आधीच गेलेले असतात.

तिला ‘सरकारी वकील’ मिळाला असं तुम्ही लिहिलंय. सरकारी वकील वेगळा, तो फौजदारी खटल्यात सरकारची बाजू मांडतो. तिला मिळालाय तोच पॅनेलवरचा, जो उद्या तुम्हालाही मिळेल. दोन्ही बाजूंना विधी सेवेचे वकील असं होऊ शकतं. माणसं मात्र वेगवेगळी असतात, आणि तुमचं गुपित तिच्या वकिलाकडं जाईल ही भीती नको. तिला उत्पन्न न विचारता वकील का, हे मात्र समजून घ्या. आपल्याकडे बाईच्या नावावर पगार असला तरी तिच्या हातात तो असतोच असं नाही. घर सोडून निघालेल्या बाईला दाखला काढायला तहसीलच्या फेऱ्या घालायला लावल्या तर तोवर तिची तारीख निघून जाते. कायद्यात तिच्यासाठी उत्पन्नाची अट ठेवलेलीच नाही. कामगारासाठीही ती नाही आणि त्याचा फायदा तुम्हाला होणार आहे. हा कायदा १९८७ सालचा, पण अंमलात यायला ९ नोव्हेंबर १९९५ उजाडला. तारखांवर तारखा कायद्यालाही पडतात.

आता तारखेचं. वकील मिळेपर्यंत तारीख आली तर घाबरून घरी बसू नका. हजर राहा, साहेबांना हात जोडून सांगा की विधी सेवेकडं अर्ज केलाय, ही पोच, म्हणणं, म्हणजे लेखी उत्तर, द्यायला मुदत द्या. बहुतेक ठिकाणी ती मिळते. गैरहजर राहिलात तर ‘नो से’ होईल, म्हणजे तुमचं म्हणणं आलंच नाही असं धरलं जाईल, आणि एकतर्फी आदेश निघेल. मग खावटीची, म्हणजे पोटगीची रक्कम तुमचा पगार न ऐकताच ठरेल आणि तो आदेश फिरवायला पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या.

आणि चाकणच्या पट्ट्यात गुरुवारची साप्ताहिक सुट्टी असते ना? कोर्ट गुरुवारी चालू असतं. वकिलांना पहिल्याच भेटीत सांगा, शक्य तेव्हा तारीख गुरुवारची मागा. विधी सेवा वकिलाची फी देते, बुडालेली हजेरी देत नाही. २६ हजारांत एक खाडा म्हणजे हजार रुपये, वर दोनशेहून जास्त किलोमीटरची एसटी, जाताना आणि येताना. वर्षात बारा तारखा पडल्या तर तुमची ती गाजलेली बारा हजारांची रक्कम इथंच जाईल. ज्या तारखेला तुमचं काम नाही त्या तारखेला हजेरी माफीचा अर्ज द्यायचा, सोय असेल तिथं व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं हजर राहायची परवानगी मागायची. हे न मागता कुणी देत नाही.

आता तुमच्या दीड लाखवाल्या वकिलांकडे येते. ताब्याची केस टाकली की बायको वठणीवर येते, हे वाक्य मी त्या आवारात इतक्यांदा ऐकलंय की ते ऐकलं की मला पुढचं सगळं दिसतं. ताबा मागायचा, मग खावटी कमी करून घ्यायची आणि ताब्याचा अर्ज मागे घ्यायचा. मुलीचा असा सौदा होतो. न्यायाधीशही हे ओळखून असतात.

आणि तुम्हाला खरोखर ताबा हवाय का? रागावू नका, विचारते. रूमवर मित्र आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे राहणं रूमवर. शिफ्ट फिरत्या असणार. नाईटला गेलात तर ती कुणाजवळ झोपणार? सकाळी वेणी कोण घालणार? कोर्ट हेच विचारतं, कारण अशा प्रकरणात पाहायचं असतं मुलाचं हित, आईबापाचा हक्क त्याच्या मागून येतो. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ बापाला नैसर्गिक पालक म्हणतो, पण पाच वर्षं पुरी न झालेल्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असंही त्याच कलमात लिहिलेलं आहे. तुमची साडेचारची आहे. सहा महिन्यांनी ती पाचची होईल म्हणून वाट बघू नका, पाचव्या वाढदिवसाला काही दार उघडत नाही. तोवर ती शाळेत, आजोळी आणखी रुळलेली असेल.

शिवाय केस राजगुरुनगरला टाकणं म्हणजे पहिलं वर्ष कुठलं कोर्ट यातच घालवणं. पालक आणि पाल्य कायदा, १८९० प्रमाणे अर्ज मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या कोर्टात करायचा. सात महिने ती बार्शीला आहे, तिथं शाळेत जाते. तुमच्या सोयीसाठी ती चाकणला राहते असं म्हणता येणार नाही.

तुम्हाला हवी आहे भेट. तेच मागा आणि तेवढंच मागा. तिनं आपल्या केसमध्ये मुलीचा तात्पुरता ताबा मागितला असेल तर त्याच कोर्टाला कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २१ खाली बापाच्या भेटीची व्यवस्था ठरवून देता येते, म्हणून म्हणण्यात ती मागणी घालायला वकिलांना सांगा. तिनं मागितला नसेल तर १८९० च्या कायद्याखाली भेटीसाठी वेगळा अर्ज आणि त्यातच अंतरिम अर्ज, म्हणजे मुख्य निकाल लागेपर्यंत तरी मुलगी दिसेल. विधी सेवेच्या अर्जात दोन्ही कामं लिहा, एकाच कामाला वकील दिला असं नंतर नको.

मागणी नेमकी असू द्या. ‘भेटू द्यावे’ असं मोघम लिहिलं की आदेशही मोघम येतो आणि मग दर वेळी फोनवर भांडण. आठवड्यातून दोन दिवस ठरल्या वेळी व्हिडिओ कॉल, दहा-पंधरा मिनिटं. एक गुरुवार आड शाळा सुटल्यावर बार्शीतच दोन-तीन तास, कोर्टाच्या आवारात किंवा दोघांनाही चालेल अशा नातेवाइकाकडं किंवा भगवंताच्या देवळात. दिवाळीच्या सुट्टीतले काही दिवस, वाढदिवसाचा थोडा वेळ. रात्रीचा मुक्काम आत्ताच मागू नका. व्हिडिओ कॉलचं मी उगाच सांगत नाही. २०२० मध्ये यशिता साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की मुलाला आई आणि बाप दोघांच्याही मायेचा हक्क आहे, आणि ज्याच्याकडे ताबा नाही त्याला शक्य तिथं असे कॉल मिळाले पाहिजेत. वकिलांना हे नाव सांगा, त्यांना माहीत असेलच.

कोर्टाबाहेर ठरत असेल तर विधी सेवेच्याच मध्यस्थी केंद्रात बसता येतं, लोकअदालतीत तडजोड लिहून घेता येते. तिथं फी नाही आणि झालेल्या तडजोडीला हुकूमनाम्याचं वजन असतं. पण त्यासाठी आधी तिला तुमच्यासमोर बसावंसं वाटलं पाहिजे.

तुम्ही लिहिलंय, ‘हात लागला असेल’. हात लागत नाही, भाऊ. दार लागतं, ठेच लागते. हात उचलावा लागतो. पत्रातल्या एवढ्या सगळ्या ओळींत मला खटकलेली ओळ तीच, आणि त्यापुढं ‘कुणाच्या घरात होत नाही’ हे तर अजिबात लिहू नये होतं. पुष्कळ घरांत होत नाही. हे वकिलांपासून लपवू नका, त्यांना कोर्टात पहिल्यांदा कळलं तर त्यांची पंचाईत आणि तुमचं नुकसान. कदाचित सुरुवातीच्या भेटी तिसऱ्या कुणाच्या नजरेखाली ठेवल्या जातील. तसं झालं तर मान खाली घालून मान्य करा. चार भेटी नीट झाल्या की त्याच आदेशात बदल मागता येतो, ताबा आणि भेटीचे आदेश दगडावरची रेघ नसतात. आणि तिची तक्रार निकालात खरी ठरली तर तिची जी काही शिक्षा-भरपाई असेल ती तुमची. ती टाळायची युक्ती मी सांगणार नाही, मला येतही नाही.

पैसे. आज, हे वाचून झाल्यावर, पाठवा. मुलगी दाखवत नाहीत म्हणून खावटी बंद आणि खावटी बंद म्हणून मुलगी दाखवत नाहीत, या फुगडीत मुलीची शाळेची फी तेवढी राहते. कायद्यानं या दोन गोष्टी एकमेकींना बांधलेल्या नाहीत. २०२० च्याच रजनेश विरुद्ध नेहा या निकालाप्रमाणे खावटी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणजे तुम्ही न पाठवलेला प्रत्येक महिना थकबाकी म्हणून साचतोय. त्याच निकालानं दोघांनाही उत्पन्न, कर्ज, मालमत्ता यांचं प्रतिज्ञापत्र द्यायला लावलंय, तेव्हा तिचे १८ हजारही कागदावर येतील आणि तुमचे २६ही. तोवर झेपेल ती रक्कम दर महिन्याच्या ठरल्या तारखेला तिच्या खात्यावर टाका. रोख नको, भावाच्या हाती नको. यूपीआयच्या शेऱ्यात ‘मुलीच्या खर्चासाठी’ एवढंच लिहा. टोमणा लिहू नका, तो शेरा न्यायाधीश वाचतात.

जागा विकू नका. विकायला लागेल असं यात काहीच नाही.

रूममेटला सांगा की तो चांगला मित्र असेल पण सल्ला वाईट देतो. साडेचार वर्षांच्या पोरीला शाळेच्या दारातून उचलून गाडीत घातलं तर ती रडत आईला हाका मारेल, आणि ते तिला आठवत राहील, तुम्हालाही. कायद्याच्या बाजूनं म्हणाल तर भेटीचा अर्ज तिथंच संपला असं धरा. शाळेजवळ उभं राहून लांबून बघणंही सध्या नको. मन होईल, कळतं मला. पण एखाद्यानं फोटो काढला तर तो ‘पाळत’ म्हणून कागदपत्रांत येईल.

आणि पहिली भेट ठरेल तेव्हाचं एक. सात महिने म्हणजे तिच्या आयुष्याचा सातवा-आठवा हिस्सा. ती धावत येऊन बिलगेल असं मनात धरून जाऊ नका. आईच्या किंवा मामाच्या मागं लपेल, नाव विचारल्यासारखं बघेल. तिला ओढू नका, ‘पप्पाला विसरलीस का’ विचारू नका, आईबद्दल तर एक शब्द नको. जमिनीवर बसा. खडू आणि कोरा कागद न्या, स्वतः काहीतरी काढत राहा. वाकडंतिकडं निघालं तर उत्तम, ती हसेल आणि दुरुस्त करायला येईल. पहिल्या दिवशी आलीच नाही तर दोन तास तसेच बसून या.

दप्तर दुसऱ्या भेटीला न्या. पिशवीतून आत्ताच काढून ठेवा म्हणजे प्लॅस्टिकचा वास जाईल.

— तुमची ताई